भागीरथेच्या पाठीमागचा राजा

आधीच सांगून ठेवतो, मला तोंड नाही. डोक्यावर मुकुट आहे, गळ्यात जाडजूड साखळी आहे, खांद्यावरून खाली लोळणारा केसाळ झगा आहे, आणि मधोमध, जिथे राजाचा चेहरा असायला हवा, तिथे एक चौकोनी भोक आहे. तरीही बोलतोय तो मीच. अकोल्यातल्या एका लहानशा खासगी वस्तुसंग्रहालयाच्या मागच्या खोलीत, लांब टेबलावर पहुडलोय, आणि सकाळपासून माझं चित्त थाऱ्यावर नाही.

कारण आज पंचशीलाबाई येणार आहेत! बडनेऱ्याहून गाडीत बसल्याचा त्यांच्या मुलाचा फोन मघाशीच येऊन गेला. त्या पोहोचेपर्यंत मला काही गप्प बसवणार नाही. शेजारच्या कपाटात पातूरकडून आलेली जुनी खापरं आहेत, पण ती कुणाशी बोलत नाहीत, त्यांना त्यांच्या वयाचा फार ताठा आहे. तेव्हा तुम्हीच ऐका.

मी छापचित्र आहे. रंगवलेलं चित्र नव्हे, एवढं ध्यानात ठेवा, नाहीतर मला राग येतो. समुद्रापलीकडे एका कोरक्याने तांब्याच्या पत्र्यावर रेघ न् रेघ कोरून राजा उभा केला. मग पत्र्यावर शाई चोपडली, वरची पुसून काढली, रेघांतली तेवढी राहू दिली, आणि वर ओलसर जाड कागद टाकून तो दाबयंत्रातून काढला. तो कागद म्हणजे मी. जवळून पाहिलं तर माझा गाल म्हणजे गाल नव्हताच, नुसत्या केसासारख्या रेघा होत्या. चार पावलं मागं सरकलं की मात्र गाल असा फुगून यायचा की बघत राहावं.

कोणता राजा, ते मी सांगत नाही. सांगितलं की लोक लगेच सनावळ्या विचारू लागतात. शिवाय माझ्या खालच्या कडेवर छापलेलं नाव सुताराने चौकटीत बसत नाही म्हणून कापून टाकलं, त्यामुळे माझ्यापाशी पुरावाही नाही.

तो सुतार बडनेऱ्याचा. बोटीतून आणि मग आगगाडीतून मला तिथे आणलं गेलं आणि स्टेशनातल्या फर्स्ट क्लासच्या वेटिंग रूममध्ये खिळ्याला टांगलं. काय दिवस होते ते! बाहेर कापसाच्या गाठींनी भरलेल्या मालगाड्या, आत वेताच्या खुर्च्या. साहेबलोक माझ्याखाली बसून घामाच्या नावाने खडे फोडायचे. त्यांच्यानंतर वकील आले, मालगुजार आले, त्यांची पोरंबाळं आली. झाडून सगळे माझ्या काचेत बघून भांग काढायचे. मागे एवढा मोठा राजा आहे याचं कुणाला काही नव्हतं.

देश स्वतंत्र झाला आणि मला खाली उतरवलं. त्यात गैर काही नव्हतं, ज्याचं राज्य गेलं त्याने भिंत अडवून कशाला बसावं? पण मग माझं करायचं काय हे कुणाला सुचेना. फेकायला कुणी धजत नव्हतं आणि ठेवायला कुणी तयार नव्हतं. म्हणून मला कंदिलांच्या कोठीत सारलं. तिथे डोमाजी भेटले.

डोमाजी रेल्वेत सिग्नलचे कंदील बघायचे. तेल भरायचं, वाती कापायच्या, काचा पुसायच्या. काच पुसावी तर डोमाजींनी. वरिष्ठांना विचारून त्यांनी मला आपल्या क्वार्टरवर नेलं, माझ्यासाठी नव्हे हं, माझ्या शिसवी चौकटीसाठी. घरी गेल्यावर त्यांच्या बायकोने, भागीरथेने, मला नीट पाहिलंसुद्धा नाही. तोंड भिंतीकडे करून मला कोपऱ्यात उभं केलं आणि माझ्या पाठीला टेकवून सूप ठेवलं. माझ्यासारख्या राजाला सूप! कितीतरी दिवस मी धुसफुसत होतो.

मग छप्पन्न सालचा दसरा आला. डोमाजी आणि भागीरथा पांढरीशुभ्र वस्त्रं घालून गाडीने नागपूरला गेली आणि धम्मदीक्षा घेऊन आली. येताना दोघांनी एका फोटोवाल्याकडे फोटो काढून घेतला. भागीरथेचा आयुष्यातला तो पहिला फोटो. तो हातात आला त्या दिवशी त्या घरात काय गडबड उडाली! डोमाजींना दम निघेना. चौकट तर घरात होतीच, पण फोटो लहान आणि चौकट ऐसपैस. मग त्यांनी ठरवलं की फोटो सरळ माझ्यावरच चिकटवायचा. माझा कागद जाड, पाठीला पुठ्ठा, असा आधार दुसरा कुठे मिळणार?

ज्वारीच्या पिठाची घट्ट खळ शिजवली. मला जमिनीवर आडवं केलं. आणि डोमाजींनी अगदी राजाच्या तोंडावर, कपाळापासून दाढीपर्यंत, खळ चोपडली. गरम होती हो! भागीरथा दारात बसून हसत होती.

"एवढ्या मोठ्या मानसाच्या तोंडावर कावून चिकटवून राह्यले तुमी मले?" ती म्हणाली.

"त्याचं तोंड लय वर्सं पाह्यलं," डोमाजी म्हणाले. "आता तुहं पाहीन."

फोटो बसला, भोवती निळा कागद लावला, आणि माझे डोळे मिटले ते मिटलेच. माझ्या वाट्याला आली फोटोची मागची बाजू. म्हणजे काय झालं बघा, मी भागीरथेला नीट पाहिली नाही. ती होती तेव्हा माझं तोंड भिंतीकडे, त्या दिवशी डोळ्यांत खळ, आणि पुढे सगळं आयुष्य तिच्या पाठीमागे. तिचं हसणं ओळखतो, पण नाकडोळे विचाराल तर ठाऊक नाहीत.

ती फार दिवस राहिली नाही. पुढच्या उन्हाळ्यात मुलगी झाली, तिचं नाव पंचशीला ठेवलं, आणि ती रांगायला लागायच्या आत भागीरथा तापाने गेली. डोमाजींची बहीण येऊन राहिली, तिने पोर वाढवली. तेव्हापासून भिंतीवरचा फोटो हीच त्या घरातली आई होती.

आणि त्या खळीने घात केला. ती गेल्यावर पहिल्याच पावसाळ्यात भिंतीला ओल आली, ओल खळीत गेली, खळ फोटोत चढली, आणि फोटोवर एक तपकिरी डाग उमटला. तो कुठे उमटावा? डोमाजींचे खांदे, त्यांची टोपी, भागीरथेचं पांढरं लुगडं, तिचे मांडीवर ठेवलेले हात, सगळं शाबूत. फक्त तिच्या चेहऱ्यावर डाग. डोमाजी रोज सकाळी कामावर जायच्या आधी काच पुसायचे. डाग आत आहे हे त्यांना कळत नव्हतं असं नाही, तरी पुसायचे. मी आतून त्यांचा हात ओळखायला लागलो होतो.

पोरगी मोठी झाली तशी विचारायला लागली, माय कशी होती? डोमाजी सांगायचे, रंगाने सावळी, नाक सरळ. काही वर्षांनी सांगायचे, नाक जरा बसकं. पुढे एकदा तिने विचारलं तेव्हा ते काच पुसत राहिले, आणि मग म्हणाले की आज कामावर जायला उशीर झाला. मी पाठीमागून सगळं ऐकत होतो. ते खोटं बोलत नव्हते, विसरत चालले होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हा फोटो दुसऱ्या कुणाच्याही तोंडावर चिकटवला असता तर बरं झालं असतं.

डोमाजी गेले. पंचशीला नर्स झाली, अमरावतीच्या दवाखान्यांत नोकरी केली, लग्न केलं, मुलाला, अनुपला, वाढवलं, निवृत्त झाली. घरं बदलली, पण प्रत्येक घरात मी समोरच्या भिंतीवर. वैशाखी पौर्णिमेला आणि दसऱ्याला मेणबत्ती, फुलं. आलेल्या पाहुण्याला पंचशीलाबाई फोटो दाखवायच्या आणि सरळ सांगायच्या, हे बाबा आणि हा डाग म्हणजे आई. पाहुणे कसनुसे हसायचे. त्यांना कळायचं नाही की हसावं की काय करावं.

आता माझ्या भाग्याचा भाग ऐका! मागच्या वर्षी पंख्याच्या वाऱ्याने कॅलेंडर उडालं, त्याची पट्टी काचेवर बसली आणि काच तडकली. अनुप मला अमरावतीच्या चौकटवाल्याकडे घेऊन गेला. त्याने काच काढली, निळा कागद उचलला, आणि खाली माझा मुकुट! चौकटवाला म्हणाला, "भाऊ, तुमच्या फोटोखाली कोनीतरी बसून हाये." माझ्या अंगावर एवढ्या वर्षांनी उजेड पडला होता. मला ओरडावंसं वाटलं.

अनुपने मोबाईलवर माझं छायाचित्र काढून या संग्रहालयाला पाठवलं, आणि चार दिवसांत खुशालराव स्वतः बडनेऱ्याला हजर झाले. खुशालराव म्हणजे या संग्रहालयाचे अध्यक्ष. कापसाच्या धंद्यातून मोकळे झाल्यापासून त्यांनी जुन्या छापचित्रांचा नाद लावून घेतला आहे. त्यांनी भिंग लावून माझा झगा इंचाइंचाने पाहिला. म्हणाले, असं दुसरं आपल्या देशात कुठे असल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मी फुगलो. खोटं कशाला बोलू, सुपाचा टेकू झालेल्या राजाला एवढं कौतुक पुरे होतं.

ठरलं असं की कुटुंबाने मला संग्रहालयाला द्यायचं, आणि संग्रहालयाने फोटो सोडवून, स्वच्छ करून परत द्यायचा. पंचशीलाबाईंनी एकच विचारलं, डाग जाईल का? खुशालराव म्हणाले, आमच्या वर्षालीताई बघतील.

वर्षालीताई इथे कागद दुरुस्त करतात. पुण्यात शिकून परत अकोल्याला आलेली मुलगी, बोलायला शांत. त्यांनी माझ्यावर किती दिवस घालवले! कोपऱ्यावर थेंब टाकून पाहिला, वाफ देऊन पाहिली. मी मनातल्या मनात उद्घाटनाची तयारी करत होतो. दिवे, माणसं, मधोमध मी. आणि मग त्यांनी खुशालरावांना, पंचशीलाबाईंना आणि अनुपला याच टेबलाभोवती बसवून सांगितलं की दोन्ही वाचणार नाहीत.

खळ दोन्ही कागदांत भिनली होती. राजाचा चेहरा हवा असेल तर ओलावा देऊन फोटो वरून सोलावा लागेल, आणि त्यात फोटोचा वरचा नाजूक थर, जिथे माणसं असतात, तो फाटेल. फोटो हवा असेल तर तो उपडा ठेवून मागून राजाचा कागद पापुद्रा पापुद्रा खरवडून काढावा लागेल. मग खळ पूर्ण धुता येईल आणि डागही बराचसा उतरेल, असं त्यांना वाटत होतं. खात्री मात्र त्या देत नव्हत्या.

माझं काय झालं असेल! इतकी वर्षं वाट पाहिली आणि आता उजेडात आलोय तर हे. मी मनात म्हटलं, खुशालराव, सोडू नका मला.

त्यांनी सोडलं नाही. समजावून सांगू लागले, की फोटो आधी स्कॅन करून घेऊ. आता कॉम्प्युटर इतके हुशार झाले आहेत की डाग काढून खाली चेहरा भरून देतात. हवा तेवढा मोठा छापून, छान चौकटीत घालून देऊ. माणूस मनापासून बोलत होता, त्यात लबाडी नव्हती.

पंचशीलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्या कॉम्प्युटरनं माही माय पाह्यली हाये का?"

खुशालरावांचा कप बशीत टेकल्याचा आवाज आला.

"तो कोनाचंबी तोंड लावून देईन," बाई म्हणाल्या. "अन मी त्याच्यापुढं फुलं ठेवत बसीन. आतापर्यंत डागापुढं ठेवली, थो डाग तं तिचा होता."

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मी फिरलो. म्हणजे जागचा हललो नाही, पण आतून फिरलो. ही बाई ज्या चेहऱ्यासाठी जन्मभर झुरली तोच मलाही बघायचा होता, आणि आम्हा दोघांच्या मध्ये आडवं आलं होतं ते माझंच तोंड. काय करायचंय मला ते? इतकी वर्षं झाकलेलंच होतं की! मी ओरडत होतो, खरवडा, खरवडा. पण कागदाचं ओरडणं ऐकतं कोण?

खुशालराव चहा तसाच टाकून उठून गेले. त्यांना नाही म्हणता आलं असतं, कागदोपत्री मी संग्रहालयाचा झालो होतो. बाहेर व्हरांड्यात त्यांच्या चपला फटफट वाजत होत्या, इकडून तिकडे, तिकडून इकडे. अनुप आईला हळूच म्हणाला की आपण मुकाट्याने फोटो परत मागू, डागासकट. बाईंची खुर्ची काही सरकली नाही. मग चपला थांबल्या आणि खुशालराव दारात आले. चेहरा पडलेला होता, हे त्यांच्या आवाजावरूनच कळत होतं.

"वर्षालीताई, या राजाचं तोंड तिकडं परदेशात दुसऱ्या प्रतीवर सापडंन ना?"

वर्षालीताई म्हणाल्या, सापडेल, दोन ठिकाणी आहे.

"या बाईचं दुसरीकडं कुठंच नाई," खुशालराव म्हणाले. "करा मंग. मले फक्त त्या येळेला इथं बसवू नका."

काम सुरू झालं. वर्षालीताईंनी आधी फोटोच्या कडेकडेने मला कापलं. तेच हे भोक. मग तो चौकोन उपडा ठेवून पातळ पात्याने मागून मला काढायला लागल्या. आधी पाठीचा पुठ्ठा गेला, मग कागद. कपाळ गेलं, मग डावा डोळा, मग कोरक्याने जीव ओतून कोरलेला तो गाल, भुसा होऊन बशीत पडला. दुखलं का म्हणाल तर नाही, गुदगुल्या झाल्या. त्या मध्येच थांबून मान मोडायच्या, चहा प्यायच्या, पुन्हा बसायच्या. शेवटचा पापुद्रा सुटला तेव्हा त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की माझा उरलेला झगा हलला. त्यानंतर फोटो पाण्यात गेला. मी इथे टेबलावर, तो तिकडे पसरट भांड्यात. पाणी बदलल्याचा आवाज येत राहिला. पाणी पिवळं होतंय, असं वर्षालीताई स्वतःशीच म्हणाल्या. मग जरा कमी पिवळं. मग पाणी बदलायचं थांबलं, आणि मला आजतागायत कळलेलं नाही की त्यांनी काय पाहिलं. पंचशीलाबाईंच्या आधी त्यांनी खुशालरावांनासुद्धा दाखवलं नाही.

पाहिलंत, माझं वय काय आणि माझी उताविळी काय!

आली. आली बघा गाडी. फाटकाशी रिक्षा थांबली, अनुपचा आवाज आला. बाई पायऱ्या चढत आहेत, त्यांचा गुडघा दुखतो, मध्ये थांबल्या. खुशालरावांनी खुर्ची ओढली. आज ते बसून राहणार आहेत म्हणे. वर्षालीताईंनी फोटो आणून माझ्या अगदी शेजारी ठेवला. वर पातळ कागद आहे. मला डोळे नाहीत, म्हणून मी कान देऊन पडलोय. कुणीतरी पटकन सांगा, नाक कसं आहे!

पातळ कागद उचलल्याचा आवाज आला.

बाईंनी अनुपकडे चष्मा मागितला. घातला. त्यांचा श्वास माझ्यापर्यंत ऐकू येत होता. पायऱ्या चढून आलेली धाप होती, तीही हळूहळू थांबली.

"अनुप," त्या म्हणाल्या, "हे तं पोरगी हाये रे."

अनुप पुढे वाकला असावा.

"एवढुशी पोरगी. आपल्या नीलमपेक्षाबी लहान." नीलम म्हणजे त्यांची नात, अनुपची मुलगी, अमरावतीला कॉलेजात शिकते. बाईंचं बोट फोटोवरून फिरत असावं, न टेकवता, कारण वर्षालीताईंनी टोकलं नाही. नाकाबद्दल बाई चकार शब्द काढत नव्हत्या. खुशालरावांनी नाक ओढलं, ते मात्र ऐकू आलं.

मग बाईंनी, जन्मभर दुसऱ्यांच्या खाटांशी उभ्या राहिलेल्या त्या नर्सने, अगदी हळू विचारलं, "जेवली असंन का वो हे त्या दीक्षेच्या दिवशी? केवढी गर्दी होती म्हंतेत."

मी काय सांगणार, मी तर तेव्हा घरी कोपऱ्यात सूप सांभाळत होतो. ज्याला ठाऊक होतं तो माणूस रोज सकाळी काच पुसून कामावर निघून जायचा.

तेव्हा निरोप घेताना एवढंच मागतो. पुढच्या महिन्यात मला या भोकासकट संग्रहालयाच्या दालनात लावणार आहेत, जमलं तर या, माझा झगा अजून बघण्यासारखा आहे. पण त्याआधी तुमच्या घरातल्या भिंतीवरच्या फोटोकडे जा. त्यातलं माणूस पाहिलेलं अजून कुणी घरात असेल, तर आजच त्याच्याजवळ बसा आणि विचारून घ्या. नाक कसं होतं ते विचारा, जेवायला काय आवडायचं ते विचारा. मी आता गप्प बसतो, बाई अजून बघत आहेत.